विद्वानांची व्याख्याने आणि आपली खर्चाची वही



गेल्या महिन्यात आपल्या कारखान्याच्या अकरा सभासदांसह आम्ही एका विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाने भरविलेल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला जाऊन आलो. विषय होता ‘उसाचा उत्पादन खर्च आणि दर’. बेणे, खत, ठिबक, खोडवा व्यवस्थापन अशा विषयांच्या मेळाव्यांना आपण नेहमी जातो. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांची व्याख्याने ऐकायला मात्र आपला गट प्रथमच गेला.

गाडी कारखान्याच्या कमानीतून बाहेर पडते न पडते तोच एका वडीलधाऱ्या सभासदांनी आम्हाला गाठलं. म्हणाले, “साहेब, खरं सांगा. ह्या मास्तर लोकांच्या भाषणानं टनामागं किती रुपये वाढणार?” गाडीत हशा पिकला. आम्हीही हसून वेळ मारून नेली, कारण उत्तर आमच्याजवळ नव्हतं. पण प्रश्न रास्त होता. दोन दिवस पाणी पाळी सोडून, गड्याच्या भरवशावर जनावरे टाकून माणूस जातो, त्याने हे विचारायलाच हवे. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे आम्हाला सुचलेले उत्तर आहे.

कार्यशाळेत काय चालते?

कार्यशाळा म्हटले की लोहार-सुताराची जागा डोळ्यापुढे येते. ही कार्यशाळा आकड्यांची. एक जण आपला निबंध वाचतो. त्याला वीस मिनिटे. मग दुसरा, आधीच नेमलेला जाणकार उठतो आणि त्या निबंधातील उणिवा काढतो: हा आकडा कुठून आणलास, नमुना किती घेतलास, दुष्काळी साल धरलेस की वगळलेस? त्यानंतर सभागृहातल्या कोणीही प्रश्न विचारावा.

एका ज्येष्ठ प्राध्यापकांच्या निबंधात एका तरुण विद्यार्थिनीने सरळ चूक दाखवली. प्राध्यापकमजकूर रागावले नाहीत. त्यांनी खिशातून पेन काढून ती चूक लिहून घेतली. आमच्या शेजारी बसलेले सभासद हळूच म्हणाले, “आपल्याकडं असं झालं असतं तर दोघांची तोंडं वर्षभर एकमेकाला दिसली नसती.” आपल्या सर्वसाधारण सभेत विषय वाचून होण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’चा गजर होतो, हे आपण सारे जाणतोच. तेथे मात्र प्रश्न विचारणाऱ्याला कोणी विरोधक समजत नाही.

एक तक्रारही नोंदवतो. पहिला अर्धा दिवस सारे इंग्रजीत चालले. पडद्यावर आलेख येत होते, जात होते. जेवणापर्यंत आमच्या गटातील तिघांना झोप लागली होती. दुपारी आम्ही आयोजकांना भेटून स्पष्ट सांगितले की, ज्यांच्या खर्चावर चर्चा चालली आहे त्यांनाच ती कळत नाही. त्यांनी ते मान्य केले आणि दुपारपासून मराठी सुरू झाले. हे सकाळीच सांगायला हवे होते. भीड आम्हीच धरली.

फळा अर्धा कोराच राहिला

मराठी सुरू होताच आमचे वडीलधारे सभासद उभे राहिले. “तुमच्या तक्त्यात खर्च एवढा कमी दिसतो. आमचा तर टनाला अडीच हजाराच्या वर जातो. मग हे आकडे तुम्ही कुठल्या गावचे धरले?” सभागृहात शांतता. आम्हाला वाटले, आता वाद होणार.

व्यासपीठावरच्या प्राध्यापकांनी खडू उचलला. “दादा, तुमचाच एकर फळ्यावर मांडू या. तुम्ही सांगा, मी लिहितो.”

बेणे किती लागले? ते सांगितले. लागणीची मजुरी? तीही सांगितली. रासायनिक खताची पोती किती? सोसायटीतून किती, दुकानातून किती? इथे थोडा विचार करावा लागला. पाणी पाळ्या किती झाल्या? “लागंल तसं.” वीजबिल किती? आकडा आला, पण त्याच मोटारीवर ऊस, कांदा आणि लसूणघास भिजतो. मग त्यातले उसाचे किती? “सगळं एकातच आहे.” घरची माणसे किती दिवस राबली? “ते कोण मोजतंय, साहेब? घरचंच काम.”

फळा अर्धा कोराच राहिला. प्राध्यापक हसले नाहीत, कोणी टोमणाही मारला नाही. ते एवढेच म्हणाले, “अडीच हजार तुम्ही म्हणता ते कदाचित बरोबरही असेल. पण मी ते पुढं कोणापुढं मांडू तर कशाच्या जोरावर?”

आमच्या जिव्हारी लागले ते हे वाक्य.

तेवढ्यात मागच्या रांगेतून आमच्या गटातील एक भगिनी सभासद उठल्या. पिशवीतून त्यांनी मुलाची जुनी शाळेची वही काढली. एक एकर आडसालीचा लागणीपासून तोडीपर्यंतचा हिशोब त्यात होता. तारीख, काम, गडी किती, बायका किती, रोज किती, खताची पावती कोणत्या दुकानाची. जिथे त्या स्वतः किंवा त्यांच्या सासूबाई राबल्या होत्या तिथे पैशाचा आकडा नव्हता, नुसता एक गोल काढलेला होता. कारण विचारता म्हणाल्या, “आपल्याला कोण रोज देतंय? पण दिवस गेला, एवढं तरी कळावं म्हणून.”

प्राध्यापकांनी ते सारे गोल मोजले आणि त्या त्या महिन्याच्या मजुरीने गुणून बेरीज फळ्यावर मांडली. बेरीज पाहून वहिनी स्वतःच चकित झाल्या. वहीत उणिवाही निघाल्या. रात्रीच्या पाळीला मुलगा जात असे, त्याचे तास लिहिलेले नव्हते. शेणखत घरचे म्हणून त्याची किंमत धरलेली नव्हती. तरीही त्या वहीमुळे दुपारची सारी चर्चा पालटली. त्यांच्या परवानगीने दोन विद्यार्थ्यांनी ती वही उतरवून घेतली.

ही परंपरा जुनी आहे

परतीच्या वाटेवर आम्ही गाडीत सभासदांना एक जुनी हकीकत सांगितली. ती इथेही देतो, कारण अर्थशास्त्राच्या व्याख्यानांचा आणि सहकारी साखर कारखान्यांचा संबंध आज अनेकांना ठाऊक नसतो.

पुण्याची गोखले राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली. साताऱ्याचे रावबहादूर रा. रा. काळे यांनी भारत सेवक समाजाला दिलेल्या देणगीतून ती उभी राहिली. १९९३ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तिचे पहिले संचालक डॉ. धनंजयराव गाडगीळ. केंब्रिजला शिकून आलेला हा माणूस १९६६ पर्यंत त्या पदावर होता. काळे यांच्या स्मरणार्थ संस्थेने १९३७ पासून व्याख्याने सुरू केली. १९३९ च्या जानेवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच व्याख्यानासाठी पुण्याच्या गोखले हॉलमध्ये उभे राहिले आणि १९३५ च्या कायद्यातील संघराज्याच्या योजनेची त्यांनी चिरफाड केली. १९४२ साली वैकुंठभाई मेहता यांनी सहकारात नियोजन का हवे, हा विषय तिथेच मांडला.

पण गाडगीळांचे काम व्याख्यानांवर थांबणारे नव्हते. त्यांची माणसे वह्या घेऊन गावोगाव फिरत. वाई तालुक्यातील शेतीचा धंदा कसा चालतो याची त्यांनी पाहणी केली. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांमुळे प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष फायदा किती झाला, याचा त्यांचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यामागची पाहणी त्याच्या आधीची. कालव्याचे पाणी, ऊस, गूळ, मजुरी, कर्ज हे सारे शेतकऱ्याच्या दारात बसून मोजलेले होते. त्या काळी ज्या शेतकऱ्यांनी आपल्या ओसरीवर त्या पाहणीवाल्यांना घोंगडी टाकून दिली असेल, त्यांनाही वाटले असेल, ह्याचा आपल्याला काय उपयोग?

व्याख्यानातून कारखाना

१९४५ साली बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे दख्खन कालव्यांवरील बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी गाडगीळ होते. ऊस आपला, पाणी आपले, मग कारखाना दुसऱ्याचा का, ही दिशा त्यांनी तिथे दाखवली. शेतकऱ्यांनी एकत्र येऊन स्वतःच्या मालकीचा कारखाना काढावा, हा विचार लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी उचलला. गावोगाव पायपीट करून भागभांडवल गोळा करण्याचे काम विखे पाटलांचे. सरकारदरबारी आणि कर्ज देणाऱ्या संस्थांपुढे हिशोब मांडण्याचे काम गाडगीळांचे. मुंबई राज्यात त्या वेळी अर्थ आणि सहकार खाते वैकुंठभाई मेहतांकडे होते. तेच वैकुंठभाई, ज्यांनी १९४२ साली पुण्यात व्याख्यान दिले होते. प्रवरा कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ चा. पहिले चेअरमन गाडगीळ, व्हाइस चेअरमन विखे पाटील.

एक प्राध्यापक, एक शेतकरी. एकाकडे आकडे, दुसऱ्याकडे माणसे. दोघांपैकी एक जरी नसता तरी काय झाले असते, याचा विचार सभासदांनीच करावा. आज आपल्या भागातील गव्हाणीत जी मोळी पडते, तिच्या मुळाशी अशा व्याख्यानांचा आणि पाहण्यांचाही वाटा आहे.

१७३ रुपयांचा हिशोब

आता आजच्याकडे येऊ. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये रास्त व किफायतशीर दर, म्हणजे आपल्या भाषेत एफआरपी, जाहीर केला. त्याच वेळी उसाचा उत्पादन खर्च क्विंटलमागे १७३ रुपये धरल्याचेही सांगितले. म्हणजे टनाला १,७३० रुपये. दर हा खर्चाच्या दुपटीहून अधिक आहे, असे त्यावरून सांगितले गेले. आपल्या चावडीवर यावर काय बोलले जाते ते इथे लिहिण्यासारखे नाही.

पण हे १७३ येतात कुठून, ते कार्यशाळेत नीट कळले. दराची शिफारस कृषी खर्च व मूल्य आयोग करतो. हा आयोग १९६५ साली स्थापन झाला. खर्चाचे आकडे गोळा करण्याची देशव्यापी योजना १९७०-७१ पासून चालू झाली आणि आपल्या राज्यात ते काम राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. गावांचे गट निवडले जातात. एका गटात लहान-मोठे मिळून दहाच खातेदार घेतात आणि वर्षभर त्यांच्या नोंदी ठेवल्या जातात. त्या आकड्यांवरून पुढच्या हंगामाच्या खर्चाचा अंदाज बांधला जातो.

सभासदांनी हे ‘दहाच’ लक्षात घ्यावे. त्या दहांपैकी एकाने “लागंल तसं” असे सांगितले, तर त्याच्या मागे उभ्या असलेल्या हजारो खातेदारांचे पाणी, वीज आणि राबणूक हिशोबातून निसटते.

खर्च मोजण्याच्या पायऱ्याही ऐकून ठेवाव्यात. पहिली पायरी, खिशातून प्रत्यक्ष गेलेला पैसा: बेणे, खत, मजुरी, डिझेल, वीज, खंडाने घेतलेल्या जमिनीचा खंड. दुसऱ्या पायरीत त्यात घरच्या माणसांच्या राबणुकीची किंमत मिळवतात. वहिनींच्या वहीतले गोल ते हेच. तिसऱ्या पायरीत स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याजही धरतात. १७३ चा आकडा दुसऱ्या पायरीवरचा आहे. आपण चावडीवर बोलतो तेव्हा बहुधा तिसऱ्या पायरीचे बोलत असतो, त्यात घरखर्चही मिसळतो आणि मग दोन्ही बाजू एकमेकांना खोटे म्हणतात. आयोगाने तिसऱ्या पायरीचा खर्च धरावा, ही मागणी शेतकरी संघटना अनेक वर्षे करीत आहेत. ती मागणी योग्य वाटत असेल तर जरूर करावी. पण मागणीबरोबर आकडा हवा, आणि आकड्याबरोबर कागद हवा.

उसात आणखी एक अडचण आहे. आडसाली सोळा-अठरा महिने शेतात उभी असते. तिचा खर्च दोन वर्षांत विभागतो. मोटार, पाइपलाइन, ठिबक यांचा खर्च लागण आणि खोडवा दोघांवर पडतो. नोंद नसेल तर यातले काही ना काही सुटतेच.

आमचीही एक चूक

इथे आम्हाला एक कबुली द्यायची आहे. बरीच वर्षे झाली. पदविका घेऊन आम्ही पहिल्या नोकरीत शेतकी मदतनीस म्हणून लागलो होतो. एका पाहणीचे छापील तक्ते आमच्याकडे आले. चाळीस शेतकऱ्यांकडे जाऊन ते भरायचे होते. गाळप ऐन जोरात, तोडीची प्रोग्रॅम लिस्ट लावण्यात दिवस जाई. आम्ही आणि दोन चिटबॉय एका संध्याकाळी गट ऑफिसात बसलो आणि चाळीसच्या चाळीस तक्ते अंदाजाने भरून टाकले. खताची पोती सगळ्यांना सारखीच लिहिली. घरच्या मजुरीच्या रकान्यात रेघ ओढली. वरिष्ठांनी वेळेत काम झाले म्हणून शाबासकीही दिली.

फळा अर्धा कोरा राहिला तेव्हा आम्हाला ती संध्याकाळ आठवली. आपल्या खर्चाचा आकडा कमी का धरतात म्हणून आपण दिल्लीला दोष देतो. तो दोष कदाचित असेलही. पण त्या रेघा आम्ही स्वतः ओढल्या होत्या.

याच्या उलटही घडते. पाहणीवाला आला की काही जण दर वाढावा म्हणून खर्च दुप्पट सांगतात. काही जण आयकराच्या धास्तीने टनेज कमी सांगतात. प्राध्यापकांनी सांगितले की, आजूबाजूच्या आकड्यांशी न जुळणारा आकडा तपासणीत बाजूला पडतो. म्हणजे फुगवून सांगितल्याने काही मिळत नाहीच, उलट खरा सांगितला असता तो आकडाही वाया जातो.

सभासदांनी काय करावे?

एक. प्रत्येक प्लॉटची वेगळी वही ठेवावी. लागणीची तारीख, क्षेत्र आणि जात पहिल्या पानावर लिहावी.

दोन. काम झाले त्याच दिवशी नोंद करावी. महिन्याने आठवून लिहिलेला आकडा हा अंदाजच असतो.

तीन. घरच्या माणसांचे दिवस लिहावेत. पुरुषांचे आणि बायकांचे वेगळे. पैसा लिहायचा नसेल तर वहिनींसारखा गोल काढावा, पण दिवस सोडू नये. रात्रीची पाळी विसरू नये.

चार. मोटारीवर किती पिके आहेत आणि उसाला किती तास गेले ते टिपावे. पावत्या त्याच वहीत टाचाव्यात.

पाच. विद्यापीठाचा कोणी विद्यार्थी किंवा पाहणीवाला आला तर त्याला बसवून खरे सांगावे. त्याने काय लिहिले ते वाचून दाखवायला लावावे. आणि पाहणी झाल्यावर तिचा निष्कर्ष मराठीत कळवा, असेही त्याला बजावावे. तो आपला हक्क आहे.

वही ठेवणाऱ्याचा स्वतःचाही फायदा आहे. खोडवा ठेवावा की मोडावा, खंडाने जमीन घ्यावी की नाही, हे ठरवायला दुसरा आधार नाही. वहिनींनी कार्यशाळेतच सांगितले की, दोन वर्षांच्या नोंदी पाहून त्यांनी एका वाफ्यातला ऊस मोडून तिथे दुसरे पीक घेतले.

आपल्या गट ऑफिसांत या कामासाठी साध्या वह्या ठेवण्याची विनंती आम्ही व्यवस्थापनाकडे केली आहे. तसेच गाळप संपल्यानंतर त्याच प्राध्यापकांनी कारखाना कार्यस्थळावर येऊन मराठीत व्याख्यान द्यावे आणि आपल्या वह्यांवरच चर्चा घ्यावी, असे निमंत्रण आम्ही दिले आहे. त्यांनी होकार कळवला आहे. तारीख ठरताच याच पत्रकात कळवू. त्या दिवशी येताना सभासदांनी वही बरोबर आणावी. अर्धी लिहिलेली असली तरी चालेल.

राहता राहिला गाडीतला प्रश्न. भाषणाने टनामागे किती वाढणार? दर ठरवताना खर्चाबरोबर साखरेचे भाव, उतारा आणि इतरही गोष्टी धरल्या जातात, म्हणून नुसत्या वहीने दर वाढेल असे आश्वासन आम्ही देणार नाही. एवढेच सांगतो की, जो आकडा आपण लिहिला नाही तो कोणताही आयोग धरणार नाही.

परतताना वडीलधारे सभासद बराच वेळ गप्प होते. फाट्यावर उतरताना म्हणाले, “साहेब, माझं अक्षर लागत नाही. नातवाला लिहायला बसवतो. पण घरच्या कामाचं बी लिहायचं म्हणता, तर म्हातारीचे दिवस लई निघतील बघा.”

निघू द्या. ते लिहायलाच हवेत.

आपला नम्र,
ऊस विकास अधिकारी